स्ट्रीमर घ्यायचाय? आधी पेटीतल्या कॅसेटी काढा

हाय-फाय म्हटलं की आपल्या गोव्यात दोन तट पडतात. पहिल्या तटाचं म्हणणं, मोबाईलवर सगळं फुकट वाजतं, मग घरात ही पेटाऱ्यांची आरास कशाला? दुसरा तट तारेच्या एका तुकड्यासाठी बँकेतली ठेव मोडायला निघालेला असतो. हे दोघे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, पण एका गोष्टीवर त्यांचं पूर्ण एकमत आहे: गाणं आता वर कुठेतरी ढगात साठवलेलं असतं, आपण फक्त नळ सोडायचा. पहिला म्हणतो साधा नळ पुरे, दुसरा म्हणतो नळ सोन्याचा हवा. माझं भांडण आहे ते या एकमताशी.

निमित्त झालं माझ्या मावसभावाचं. २०१२ साली आपल्याकडच्या खाणी बंद पडल्या तेव्हा सांगे-केप्याकडची जी माणसं पोटामागून बाहेर गेली, त्यांतला हा एक. फिरत फिरत मध्य प्रदेशात बालाघाटजवळ भरवेलीला पोचला आणि तिथल्या एका कंत्राटदाराकडे रुजला. भरवेली म्हणजे मॅंगनीज. आपल्याकडे खाण म्हणजे डोंगर वरून खरवडायचा, तिथे माणसं जमिनीच्या पोटात उतरतात. मराठी तिथे परकी नाही. पलीकडे गोंदिया, खाली भंडारा. हिंदी, पोवारी, गोंडी आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येतात. याच्या घरी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, बऱ्यापैकी स्पीकर आहेत आणि एका पत्र्याच्या पेटीत त्याच्या वडिलांनी जमवलेल्या दोनेकशे कॅसेटी आहेत. सप्ताहातली भजनं, जत्रेतली नाटकं, गावच्या देवळातल्या बैठका. त्याने मला विचारलं, ''दादा, स्वस्तातला चांगला नेटवर्क स्ट्रीमर कुठला?''

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र बाजार देतो तसं दिलं तर त्याचे पैसे वाया जातील, आणि ती पेटी आहे तिथेच गंजत राहील.

ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. स्ट्रीमर ही पुस्तकाएवढी, कधी त्याहून लहान डबी. घरातल्या वायफायवरून किंवा जाळ्याच्या तारेवरून ती गाणं आकड्यांच्या रूपात ओढून घेते, आतल्या 'डॅक'कडून त्याचा आवाज करून घेते आणि तो अ‍ॅम्प्लिफायरकडे सोपवते. ब्लूटूथमध्ये आणि यात फरक आहे. ब्लूटूथमध्ये गाणं फोनातून येतं, दाबून लहान केलेलं असतं आणि फोन आला की भैरवी अर्ध्यावर तुटते. स्ट्रीमर गाणं स्वतः आणतो, फोनचं काम फक्त रिमोटचं. एवढीच करामत. चांगली आहे, उपयोगी आहे, आणि आता महागही राहिलेली नाही. २००७ साली लिन या स्कॉटिश कंपनीने 'क्लायमॅक्स डीएस' काढला तेव्हा ही श्रीमंतांची चैन होती. २०१५ साली गुगलने 'क्रोमकास्ट ऑडिओ' अमेरिकेत ३५ डॉलरला विकायला काढला आणि ती चैन संपली.

पण या क्रोमकास्टचं पुढे काय झालं? जानेवारी २०१९ मध्ये त्याचं उत्पादन बंद झाल्याचं जाहीर झालं. ज्यांच्या घरी तो होता ते वापरत राहिले. मार्च २०२५ मध्ये एके दिवशी जगभरचे हे डबे एकदम मुके झाले. कारण काय, तर कंपनीच्या बाजूचं एक डिजिटल प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं होतं. घरात वीज आहे, वायफाय आहे, अ‍ॅम्प्लिफायर ठणठणीत आहे, आणि गाणं नाही! काही दिवसांनी कंपनीने दुरुस्ती पाठवली हे खरं. पण ती पाठवायची की नाही हे ठरवणारा मालक तुमच्या घरात नव्हता.

उलट उदाहरण पाहा. लॉजिटेकने 'स्क्वीझबॉक्स' नावाचे स्ट्रीमर २०१२ साली बंद केले. त्यांना आधार देणारं कंपनीचं संकेतस्थळही २०२४ साली मिटलं. तरी ते जुने डबे आजही गातात. का? कारण त्यांना गाणं पुरवणारी सॉफ्टवेअर प्रणाली मुक्त होती. वापरणाऱ्यांनी ती उचलली, सांभाळली, आता ती 'लिरियन' या नावाने चालते आणि घरातल्या कुठल्याही जुन्या संगणकावर बसते. कंपनी गेली, गाणं राहिलं. स्वस्त स्ट्रीमर निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा: उद्या ही कंपनी बुडाली तर हा डबा गाईल का?

जी गत डब्यांची, तीच गाणी पुरवणाऱ्या सेवांची. गुगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस गेलं. रेसो जानेवारी २०२४ अखेर भारतातून गेलं. विंक बंद होत असल्याचं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालं. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी नाहीशी झाली, कारण दोघांचा करार पुढे सरकला नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं हौसेने याद्या जमवल्या होत्या, त्यांच्या हातात राखाडी पडलेली नावं उरली. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायचा तरी मालकाला विचारावं लागतं, इथे तर मालक रात्रीत भिंतच घेऊन जातो.

''पण तोवर तर ऐकून होतं ना?'' असं कुणी म्हणेल. ठीक. काय ऐकून होतं तेही पाहू.

मागे मी एका सेवेवर 'मानापमान' शोधलं. आधी आला २०२५ चा चित्रपट. १९११ चं खाडिलकरांचं नाटक, गोविंदराव टेंब्यांनी चाली दिलेलं, खाली कुठेतरी चार वेगवेगळ्या स्पेलिंगांत विखुरलेलं होतं. 'कट्यार' टाकलं तर २०१५ चा चित्रपट. आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांनी १९६७ साली ज्या नाटकाला संगीत दिलं ते त्या चित्रपटाच्या पायाशी बसलेलं. मास्टर दीनानाथांच्या नावाच्या तर इतक्या तऱ्हा की बलवंत संगीत मंडळीत एवढी पात्रं नसतील. आता हे सांगणारे भेटतात की दीनानाथ आहेत ना तिथे, मग तक्रार कसली! तक्रार ही की त्या याद्यांना तीनच रकाने ठाऊक आहेत: कलाकार, अल्बम, गाणं. राग, ताल, नाटक, नाटककार, चाल कुणाची, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, हे लिहायला जागाच नाही. नाट्यपदातून नाटक काढून टाकलं तर काय उरतं? आणि ख्यालातला राग काढून टाकला तर? शेवग्याच्या शेंगेतला गर काढून चोथा ताटात वाढावा तसं हे आहे.

आणि ही झाली ज्यांची तबकड्यांवर नोंद आहे त्यांची कथा. आपल्या जत्रेतल्या नाटकांचं काय? देवळाच्या मांडवात पहाटेपर्यंत रंगलेल्या त्या पदांचं, वास्कोच्या सप्ताहात अहोरात्र चाललेल्या भजनांतल्या एखाद्या अनाम गळ्याचं, गणपतीत घुमटावर बसलेल्या आरत्यांचं काय? भरवेलीच्या दक्षिणेला, गोंदिया-भंडारा-गडचिरोली-चंद्रपूर या पट्ट्यात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळी झाली की तिथे गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, वडसा हे त्यांचं मोठं केंद्र. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे पुण्या-मुंबईने या रंगभूमीकडे मान वळवून पाहिलं. आपल्या जत्रेतलं नाटक आणि झाडीपट्टीचं नाटक ही हजारेक किलोमीटर अंतरावरची सख्खी भावंडं आहेत. दोघांचीही गाणी कुठल्या ढगात आहेत? कुणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, बुरशी धरलेल्या फितीवर आहेत. नळ सोन्याचा लावा नाहीतर प्लास्टिकचा, टाकीत जे भरलेलंच नाही ते त्यातून येणार कुठून?

आता दुसऱ्या तटाकडे, म्हणजे सोन्याच्या नळवाल्यांकडे वळतो. यांच्या मते स्वस्त स्ट्रीमर हे पापच. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ याखाली कान लावायचा नाही. यांना आकडेच प्रिय आहेत तर आकडे घ्या. २००७ साली मेयर आणि मोरान या दोघांनी ध्वनितंत्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. भारी दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा जसंच्या तसं आणि एकदा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून काढून, कुठलं कुठलं हे न सांगता ऐकवायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून याहून वेगळं काय मिळालं असतं? पुढे २०१६ साली रीस यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. सरावलेल्या कानांचं त्याहून काहीसं जास्त. म्हणजे फरक अजिबात नाही असं कुणी म्हणू नये. पण एवढ्याशा फरकासाठी ज्याने लाख मोजले आणि वडिलांच्या कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या, त्याला रसिक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय तुम्ही ऐकणार काय? १९२५ च्या आधीचं ध्वनिमुद्रण कर्ण्यात तोंड घालून केलेलं, विजेशिवाय. त्या तबकडीत वरचे सूर उतरलेलेच नाहीत. त्याला १९२ किलोहर्ट्झ लावणं म्हणजे पेजेला केशर लावणं. त्या गाण्यासाठी साधा, प्रामाणिक डॅक पुरतो, आणि तो आज स्वस्तातल्या डबीतही असतो. पैसे उरले तर स्पीकरांवर घाला, ते खोलीत नीट मांडा. आवाजातला खरा फरक तिथे पडतो.

केरीच्या केसरबाईंची गोष्ट आपण गोवेकर अभिमानाने सांगतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर ज्या सोनेरी तबकड्या गेल्या, त्यांतल्या २७ रचनांत त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ आज सुमारे २५०० कोटी किलोमीटरवर आहे. भाषणांत हे सगळं येतं. पण ती तबकडी पाठवताना त्या शास्त्रज्ञांनी सोबत काय ठेवलं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांनी तिच्याबरोबर वाजवायची सुई ठेवली आणि ती कशी लावायची, किती वेगाने फिरवायची हे आवरणावर चित्रांनी कोरलं. म्हणजे ज्याच्या हाती पडेल त्याला कुणाचीही परवानगी न मागता, कुणाकडेही वर्गणी न भरता ती वाजवता यावी. ताऱ्यांपलीकडच्या अनोळखी जीवाला जो हक्क देणं माणसांना आवश्यक वाटलं, तो आपण आपल्या नातवंडांना देत नाही आहोत.

मालकीचा मुद्दा भरवेलीच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मध्य प्रांतातलं मॅंगनीज शोधायला १८९६ साली एक सिंडिकेट निघालं. त्याचीच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मॅंगनीज ओअर कंपनी झाली. माती इथली, घाम इथला आणि कंपनी विलायतेतली. १९६२ साली आज 'मॉयल' म्हणून ओळखली जाणारी कंपनी स्थापन झाली तेव्हा ५१ टक्के भाग केंद्र आणि दोन राज्यांकडे आला. उरलेले ४९ टक्के हाती यायला १९७७ उजाडलं. १८९६ ते १९७७, मोजा. आणि आपण गोवेकर? बार्जीत भरून मांडवी-जुवारीतून खनिज मुरगावला आणि तिथून जपानला गेलेलं आपण डोळ्यांनी पाहिलं. कच्चा माल आपला, पक्का माल विकत घ्यायचा तो दुसऱ्याचा. गाण्याचं आज तेच चाललं आहे. गळा आपला, भाषा आपली, देऊळ आपलं. आणि ऐकायचं असेल तर महिन्याच्या महिन्याला भाडं दुसऱ्याला. खनिज एकदा गेलं की गेलं. गाण्याची मात्र नक्कल करून मूळ घरात ठेवता येतं, तेही आपण ठेवत नाही, म्हणून राग येतो.

मग माझ्या भावाला मी काय सांगितलं? बाजाराच्या जाहिरातींत सापडणार नाही, म्हणून तेही लिहितो.

पहिलं, स्ट्रीमर इंटरनेटविना गायला हवा. मी गेल्या खेपेस भरवेलीला होतो तेव्हा पाऊस होता आणि दोन दिवस जोडणी मेलेली. फोनवर कुणाशी तरी बोलताना त्याची मुलगी कोकणीत सांगत होती, ''नेट ना!'' तेव्हा घरातल्या यूएसबी डिस्कवरून, किंवा घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून वाजवतो असाच डबा घ्यायचा. आज स्वस्तात 'विम' नावाचे डबे लोकप्रिय आहेत (भांड्यांच्या साबणाशी संबंध नाही). त्यांतला 'मिनी' अमेरिकेत ९९ डॉलरला आला होता. पण त्याला डिस्क लावायची सोय नाही आणि जाळ्याची तारही लागत नाही. 'प्रो'ला तार लागते. 'अल्ट्रा'ला डिस्कही लागते, पण मग किंमत चढते. नुसतं नाव ऐकून घेऊ नका, पाठीमागच्या खाचा मोजा.

दुसरं, दोन ट्रॅकांमध्ये खंड पडता कामा नये. विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे सीडीने गाण्याचे दोन तुकडे केलेले असतात. काही डबे त्या जागी क्षणभर श्वास घेतात. तिथे मैफल मोडते. दुकानात हे स्वतः वाजवून पाहावं.

तिसरं, देवनागरीतली नावं पडद्यावर नीट दिसायला हवीत. चौकोन दिसले तर डबा परत.

चौथं, थोडी खटपट करायची तयारी असेल तर 'रास्पबेरी पाय' हा हाताच्या तळव्याएवढा संगणक घ्यावा. त्यावर डॅकची एक पट्टी बसवायची आणि 'मूड' किंवा 'पायकोअरप्लेअर' यांसारखी मुक्त प्रणाली घालायची. कंपनी बुडाली तरी हा डबा गाईल. घरातल्या कॉलेजातल्या मुलाला एक रविवार पुरतो. भावाला मी हाच सुचवला.

आणि पाचवं, जे खरं तर पहिलं: डबा येण्याआधी कॅसेटी उतरवायच्या. चालू स्थितीतला एक डेक मिळवा, त्याचं हेड पुसा, त्याचा कोन जुळवा, नाहीतर आवाज घोगरा येतो. 'ऑडॅसिटी' हा प्रोग्रॅम फुकट आहे. एमपी३ करू नका, फ्लॅक करा. त्यात आवाज तसूभर कमी होत नाही आणि माहितीचे रकाने आपल्याला हवे तेवढे घालता येतात. राग लिहा, नाटक लिहा, जत्रा कुठली, साल कुठलं, पेटीवर कोण बसलं होतं तेही लिहा. दोनशे कॅसेटी दीड-दीड तासाच्या धरल्या तर ३०० तास झाले. फ्लॅकमध्ये तासाला साधारण ३५० एमबी. म्हणजे सगळा ऐवज जेमतेम १०५ जीबी! १२८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये एका माणसाच्या आयुष्याचं ऐकणं मावतं. दोन प्रती करा, एक दुसऱ्या घरात ठेवा.

''वेळ कुणाला आहे?'' ही शेवटची ढाल. रोज एक कॅसेट लावली तर दोनशे दिवस. फीत आपली ती फिरते, शेजारी बसून राहावं लागत नाही. ज्यांना केबल निवडायला तीन महिने सापडतात त्यांनी वेळेची भाषा करू नये. वेळ खरा कमी आहे तो फितीला. ती दरवर्षी झडते आहे. आणि त्या आवाजात कोण गातं आहे हे ओळखणारी माणसं तिच्याहून लवकर जात आहेत. पाच वर्षांनी आवाज उतरवाल, नाव कुणाला विचाराल?

मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावलीच्या पाण्याखाली गेलं. दर मे महिन्यात पाणी ओसरतं तेव्हा लोक तिथे जातात, सोमेश्वरासमोर उभे राहतात. निदान गाव वर तरी येतं. फितीवरचं एकदा झडलं की कुठल्याच मे महिन्यात वर येत नाही.

म्हणून सरकारने, अकादम्यांनी, ग्रंथालयांनी काय करावं याची यादी मी इथे देत नाही. ती मागणी करायची आहेच, पण तिची वाट पाहत बसायची गरज नाही. प्रत्येक देवस्थानात एक डिस्क, प्रत्येक वाचनालयात एक डेक आणि गावातली दोन तरणी पोरं, एवढ्यावर हे काम होतं. स्वस्त स्ट्रीमर जरूर घ्या. माझा विरोध स्वस्ताला नाही, रिकाम्या डब्याला आहे. घरात आणाल त्या दिवशी त्यात वाजवायला आपलं स्वतःचं एक तरी गाणं तयार असू द्या.